माशांच्या टँकमध्ये अचानक अंडी दिसली? पहिल्याच दिवशी पिल्लांच्या जेवणाची सोय करा

गेल्या श्रावणात समोरच्या घरातला सातवीतला मुलगा धावत आमच्याकडे आला. "काकू, लवकर चला, आमच्या टँकमधल्या पानावर राजगिरा चिकटलाय!" जाऊन पाहिलं तर एका रुंद पानावर ओळीनं मांडलेली दोनेकशे पिवळसर अंडी, आणि समोर एंजल माशांची जोडी पंखांनी त्यांना वारा घालत उभी. त्याच टँकमध्ये सहा टेट्रा आणि एक गुरामी. टेट्रा अंड्यांच्या आसपास घिरट्या घालत होते आणि एंजलची मादी त्यांना हुसकावून दमली होती.

इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या घरी बरीच वर्षं टँक आहे. पहिल्यांदा अशी अंडी दिसली तेव्हा मी ती पान कापून नळाच्या ताज्या पाण्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी सगळी पांढरी. दुसऱ्या वेळी पाणी सांभाळलं, अंडी फुटली, पिल्लं पोहायलाही लागली आणि तीन दिवसांत एकेक करून तळाशी गेली. ती उपाशी मेली, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हापासून मी प्रत्येक नवख्याला हेच सांगते: अंडी वाचवणं त्या मानानं सोपं आहे. घात होतो तो पुढे, पिल्लं पोहायला लागल्यावर, कारण त्यांच्या तोंडात मावेल असं काही तेव्हा घरात नसतं. ते अन्न तयार व्हायला दिवस लागतात, म्हणून त्याची सुरुवात अंडी दिसली त्याच दिवशी करायची.

आधी बघा, अंडी कोणाची

टँकमध्ये हात घालण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघा. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात. त्यामुळे टँकमध्ये फक्त हेच असतील, तर जे दिसतंय ते बहुतेक गोगलगायीचं. पारदर्शक जेलीच्या ठिपक्यात बारीक बारीक टिंबं दिसली तर ती छोट्या गोगलगायींची अंडी. पाण्याच्या वर, झाकणाजवळ गुलाबी घोस चिकटलेला असेल तर तो मोठ्या अ‍ॅपल स्नेलचा. माशांची अंडी सुटी सुटी गोल असतात, त्यांच्याभोवती जेलीची चादर नसते.

एंजल आपली अंडी उभ्या जागी ओळीत लावतो: रुंद पान, फिल्टरची नळी, कधी हीटरची काच. जोडी तिथून हलत नाही. कोरीडोरास, म्हणजे तळाशी मिशा हलवत फिरणारे छोटे कॅटफिश, काचेवर दोन-चार, दोन-चार अशी मोहरीएवढी अंडी चिकटवून निघून जातात. त्यांचा हंगाम आमच्याकडे पावसाळाच म्हणायला हवा. टँकमध्ये जरा थंड पाणी बदललं की त्यांना पाऊस आल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काच ठिपक्यांनी भरलेली असते. गोल्डफिशची अंडीही चिकट, पण झाडांवर विखुरलेली. गुरामी किंवा फायटर असेल तर पृष्ठभागावर बुडबुड्यांचा फेस दिसेल, अंडी त्या फेसात असतात. झेब्रा डॅनिओ आणि बार्ब अंडी नुसती खाली सोडून देतात आणि मागे वळून स्वतःच खातात. ती खड्यांत पडतात, सहसा दिसतच नाहीत.

एक गोष्ट लक्षात असू द्या. एंजलच्या दोन माद्याही जोडी जमवून अंडी घालतात. तशी अंडी कितीही जपली तरी एक-दोन दिवसांत सगळीच पांढरी पडतात. अशा वेळी तुमचं काही चुकलेलं नसतं.

हलवायची की तिथेच ठेवायची

गुरामी आणि फायटरच्या फेसाला हात लावू नका. तिथे राखणदार नर असतो, अंडी खाली पडली की तो तोंडात धरून परत फेसात ठेवतो. मादी आणि इतर मासे जमेल तसे दुसरीकडे न्या, फिल्टरचा जोर कमी करा, झाकण बंद ठेवा. अंडी साधारण एक ते दीड दिवसात फुटतात आणि पिल्लं आडवी पोहायला लागली की नरालाही बाहेर काढायचं.

एंजलच्या बाबतीत मात्र ठरवावं लागतं. आईबाप राखत असतील आणि टँकमध्ये इतर मासे थोडे असतील, तर अंडी तिथेच ठेवून बघायला हरकत नाही. जोडीला पिल्लं सांभाळताना बघण्यासारखं सुख नाही. पण पहिलटकर जोडी बऱ्याचदा दुसऱ्या रात्री स्वतःच अंडी फस्त करते, आणि काळोखात त्यांना दिसत नसल्यानं बाकीचे मासे हल्ला करतात. तिथेच ठेवणार असाल तर खोलीत रात्रभर मंद दिवा ठेवा. माझ्या मते मिश्र टँकमध्ये पहिल्यांदा मिळालेली अंडी हलवावीत. कोरीडोरासची तर हलवावीतच, कारण त्यांना राखणारं कोणीच नसतं.

त्याच दिवशी: जेवणाची तयारी

अंडी हलवण्याआधी ही दोन कामं सुरू करा. एकूण अर्धा तास लागतो.

पहिलं काम इन्फ्युसोरियाचं. इन्फ्युसोरिया म्हणजे पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे सूक्ष्म जीव. नवजात पिल्लांचं ते पहिलं अन्न. काचेची स्वच्छ बरणी घ्या, त्यात टँकचंच पाणी भरा, त्यातच टँकमधलं एखादं कुजकं पान आणि तळाचा थोडा गाळ घाला. कोबीच्या पानाचा बोटभर तुकडा गरम पाण्यातून काढून त्यात सोडा. बरणी खिडकीजवळ ठेवा, थेट उन्हात नको. दोन-तीन दिवसांत पाणी दुधट होतं, वासही येतो. घरचे फेकून द्या म्हणतील, फेकू नका. तो जिवाणूंचा टप्पा आहे. त्यानंतर पाणी हळूहळू निवळायला लागतं, आणि बरणीमागे बॅटरी धरली की हलणारी धूळ दिसते. ती धूळ म्हणजे तुमचं अन्न. डॅनिओ, गुरामी, फायटर यांच्या पिल्लांना पहिला आठवडा हेच लागतं, त्यांच्या तोंडात दुसरं काही मावत नाही.

दुसरं काम आर्टेमियाचं. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला झिंग्यासारखा बारीक जीव. एंजल, कोरीडोरास, गोल्डफिश यांच्या पिल्लांसाठी याला तोड नाही. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात आर्टेमियाची कोरडी अंडी मिळतात, तपकिरी भुकटीसारखी दिसतात. एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, तळ कापून उलटी टांगा. त्यात एक लिटर पाणी आणि चार सपाट चमचे मीठ, म्हणजे 20 ते 25 ग्रॅम. एअर पंपाची नळी तळापर्यंत सोडा, जोरात बुडबुडे येऊ द्या, आणि पाव चमचा अंडी टाका. पाणी 27-28 अंशांवर असेल तर 24 ते 36 तासांत नारिंगी रंगाचे जिवंत ठिपके पोहायला लागतात.

आज ही नुसती चाचणी आहे. दुकानात उघडं पडलेलं, ओल लागलेलं पाकीट पुष्कळदा मिळतं आणि त्यातलं काहीच फुटत नाही. ते आज कळलं तर दुसरं पाकीट आणायला वेळ आहे, आठव्या दिवशी कळलं तर नाही. अंडी फुटली की उरलेली भुकटी कोरड्या डबीत घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा.

उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कापडातून पिळून घालायचा सल्ला जुने लोक देतात. पिल्लं तो खातात, हे खरं. पण टाचणीच्या टोकापेक्षा जास्त पडला की काही तासांत पाणी नासतं, आणि नवख्या हातानं तो जास्तच पडतो. दुसरा काहीच इलाज नसेल तेव्हाच त्याच्याकडे वळावं.

अंड्यांचा डबा

आठ-दहा लिटरची छोटी टँक असेल तर उत्तम. नसेल तर पारदर्शक प्लॅस्टिकचा स्वच्छ डबा चालतो, फक्त त्याला साबण लागलेला नसावा.

पाणी टँकचंच घ्या, सगळंच्या सगळं. आपल्याकडे नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं, आणि नळाला येतं तेव्हा त्यात क्लोरीन असतो. पिण्यासाठी तो हवाच, पण अंड्यांना तो जाळतो. माझी पहिली अंडी त्यानंच गेली. पुढे पाणी बदलायला लागेल ते आदल्या दिवशीच बादलीत भरून उघडं ठेवा, 24 तासांत क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारणारं हायपो मिळतं, त्याचे थोडे खडे पुरतात. बोअरिंगच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण माळव्याच्या काळ्या दगडातून आलेलं ते पाणी जड असतं. टँक आधीपासून बोअरिंगच्या पाण्यावर असेल तर डब्यालाही तेच द्या. मधेच पाणी पालटू नका.

आता अंडी आणायची. पान असेल तर देठापाशी कापा, टँकच्या आतच एका वाटीत पाण्यासकट घ्या आणि वाटी उचलून डब्यात बुडवा. एंजलच्या अंड्यांना हवा लागू द्यायची नाही. फिल्टरची नळी असेल तर तीही तशीच काढा. काचेवरची एंजलची अंडी सोलून काढण्यात निम्मी फुटतात, तिथे बाकीचे मासे हलवणं शहाणपणाचं. कोरीडोरासची अंडी मात्र चिवट असतात. घातल्यावर चार-पाच तास जाऊ द्या, मग जुन्या एटीएम कार्डानं किंवा बोटानं हलकेच लोळवत काढता येतात.

डब्यात एअर स्टोन, म्हणजे पंपाच्या नळीला लावायचा बारीक बुडबुडे सोडणारा दगड, सोडा, अंड्यांपासून तीन-चार बोटं दूर. आईबाप पंखांनी जो वारा घालत होते तो आता तुम्हाला घालायचा आहे. अंड्यांवरून पाणी वाहिलं पाहिजे, पण अंडी बुडबुड्यांनी थडथडायला नकोत.

मग बुरशी. मेलेलं अंडं पांढरं पडतं आणि त्यावर कापसासारखी बुरशी चढते. तिचे तंतू शेजारच्या जिवंत अंड्यात शिरतात, आणि एका पांढऱ्या अंड्यामुळे दोन दिवसांत सबंध पान जातं. आईबाप अशी अंडी चोखून बाजूला काढतात. आपण सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरनं काढायची. शिवाय डब्यात मिथिलीन ब्लूचे थेंब घाला. बाटलीगणिक तीव्रता वेगळी असते, म्हणून माझं माप असं: पाणी आकाशी झालं पाहिजे, पण डब्यापलीकडे धरलेल्या वर्तमानपत्रातली मोठी अक्षरं दिसली पाहिजेत. हे औषध मोठ्या टँकमध्ये चुकूनही घालू नका. पाणी शुद्ध ठेवणारे फिल्टरमधले जिवाणू त्यानं मरतात आणि काचेच्या सांध्यांचं सिलिकॉन कायमचं निळं होतं.

मिथिलीन ब्लू मिळालं नाही तर देशी बदामाचं गळलेलं, वाळून तांबडं झालेलं पान धुऊन टाका. पाण्याला चहासारखा रंग येतो आणि बुरशीला थोडा आळा बसतो. औषधाइतका भरवसा त्याचा नाही, पण हे झाड आपल्याकडे पुष्कळ अंगणांत असतं आणि पान फुकट मिळतं.

उष्णता 26 ते 28 अंश. जानेवारीत इंदूरच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा हीटरशिवाय अंडी टिकत नाहीत. हीटर एकच असेल तर डबा मोठ्या टँकमध्ये तरंगत ठेवून काठाला चिमट्यानं अडकवा, आजूबाजूचं पाणीच त्याला ऊब देतं. मे महिन्यात उलट काळजी: पाणी 31-32 वर गेलं की अंडी लवकर फुटतात, पण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून पंप क्षणभरही बंद नको.

आणि एक कळकळीची विनंती. टँकच्या खोलीत डासांचं कॉइल, मशीन किंवा स्प्रे लावू नका. त्यातली पायरेथ्रॉइड जातीची औषधं माशांसाठी फार विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. पावसाळ्यात संध्याकाळी प्रत्येक घरात हे लागतं, म्हणून मुद्दाम सांगते. खिडकीला जाळी लावा, मच्छरदाणी लावा.

फुटण्यापासून पोहण्यापर्यंत

दुसऱ्या दिवशी चांगल्या अंड्यात काळा ठिपका दिसतो, पुढे तेच डोळे होतात. एंजलची अंडी 27-28 अंशांत दोन-तीन दिवसांत फुटतात, डॅनिओची तशीच, कोरीडोरास आणि गोल्डफिशची तीन ते पाच दिवसांत.

एंजलची अंडी फुटली की पिल्लं दिसतच नाहीत. पानाला डोक्यानं चिकटलेल्या, शेपटी थरथरवणाऱ्या बारीक काड्या दिसतात. काही खाली पडून ढिगानं थरथरत असतात. बऱ्याच जणांना ती मेली असं वाटतं आणि डबा ओतला जातो. ओतू नका. त्यांच्या पोटाखाली पिवळी पिशवी असते, चार-पाच दिवसांची शिदोरी. या दिवसांत काहीही खायला घालायचं नाही, घातलेलं नुसतं कुजतं. काम एवढंच: रोज अर्धं पाणी बदलून निळा रंग फिका करत न्यायचा, पिल्लं पोहायला लागतील तेव्हा पाणी स्वच्छ असलं पाहिजे. नवं पाणी तेवढंच कोमट असू द्या आणि एअरच्या बारीक नळीतून थेंब थेंब सोडा.

एंजलची अंडी फुटून तिसरा दिवस उजाडला की आर्टेमियाची खरी बाटली लावा. म्हणजे पिल्लं पोहायला लागतील त्या सकाळी ताजं अन्न तयार असेल.

पहिलं जेवण

अंडी घातल्यापासून साधारण सातव्या-आठव्या दिवशी एंजलची पिल्लं पानापासून सुटतात आणि डबाभर पसरतात. कोरीडोरासची पिल्लं फुटल्यावर दोन दिवसांतच खायला मागतात.

बाटलीचा पंप बंद करा, दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात आणि आर्टेमिया खाली, उजेडाच्या बाजूला गोळा होतो. ती टरफलं पिल्लांच्या पोटात अडकतात, म्हणून तळाचंच पाणी नळीनं ओढून दुहेरी मलमलीतून गाळा. साध्या पाण्यानं मीठ धुवा आणि ड्रॉपरनं पिल्लांच्या घोळक्यात सोडा. दहा मिनिटांनी भिंग घेऊन बघा. पोटं नारिंगी झाली असतील तर तुम्ही जिंकलात. त्या नारिंगी पोटांसाठी मी दोन हंगाम वाट पाहिली होती, अजूनही ती दिसली की हातातलं काम सोडून मी बघत बसते.

दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासच जगतो, उरलेला तळाशी मरून पाणी बिघडवतो. रात्री निजण्याआधी तळ नळीनं ओढून घ्या आणि रोज पाव हिस्सा पाणी बदला. एका बाटलीचा आर्टेमिया दुसऱ्या दिवसापर्यंतच पौष्टिक असतो, म्हणून दोन बाटल्या आलटून पालटून चालवा.

या टप्प्यावर डब्यात साधा स्पंज फिल्टर लागतो. नवा कोरा स्पंज निरुपयोगी, कारण त्यात जिवाणू नसतात आणि ते वाढायला तीन-चार आठवडे जातात. मोठ्या टँकमध्ये आधीपासून चालणारा स्पंज असेल तर तोच उचलून इकडे लावा. नसेल तर आज एक जास्तीचा स्पंज मोठ्या टँकमध्ये चालू करून ठेवा, पुढच्या खेपेला उपयोगी पडेल. तोवर पाणी बदलण्यात कसूर नको.

पुढचे दोन महिने

दोन-तीन आठवड्यांत दहा लिटर अपुरे पडतात, दोन फुटी टँक लागते. महिना-दीड महिन्यात एंजलच्या पिल्लांना तो ओळखीचा त्रिकोणी आकार येतो. तेव्हा बारीक केलेलं कोरडं खाणंही ती घेतात.

दोनशे अंड्यांतून पन्नास पिल्लं वाढली तरी ती कुठे ठेवणार, याचा विचार आताच करा. रुपयाच्या नाण्याएवढी झाली की बरीच दुकानं ती घेतात, आधी जाऊन विचारून ठेवा. ओळखीच्यांना द्या. पण सिरपूर तलावात किंवा यशवंत सागरात सोडायचा विचार मनातही आणू नका. ही दोन्ही ठिकाणं 2022 पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आहेत, आणि बाहेरच्या देशांतले मासे तिथे सुटले तर मूळच्या माशांचा घास हिरावतात. सगळ्यांना जागा नसेल तर पन्नासऐवजी पंधराच वाढवा. उरलेली अंडी टँकमधल्या माशांनी खाल्ली तर त्यात पाप नाही, नदीतही तेच होतं.

अंडी काढून घेतली की एंजलची जोडी बहुधा दहा-पंधरा दिवसांत पुन्हा घालते. तेव्हा पान कापत बसायला नको म्हणून घरात मुलांची जुनी दगडी पाटी असेल तर शोधा. लाकडी चौकट काढा, रंग किंवा खडूचे अंश राहणार नाहीत अशी घासून गरम पाण्यानं धुवा आणि जोडीच्या आवडत्या कोपऱ्यात काचेला तिरकी टेकवून उभी करा. पाटीचा दगड पाण्यात काही सोडत नाही आणि त्यावरची अंडी पाटीसकट उचलता येतात. समोरच्या घरात ती आम्ही गोकुळाष्टमीच्या आधी लावली. दोन दिवसांत जोडीनं ती तोंडानं घासून स्वच्छ केली. ते दिसलं की समजायचं, अंडी एक-दोन दिवसांवर आली. कोबीचं पान त्याच संध्याकाळी बरणीत टाका.